नवख्यांसाठी राखीव

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण वाचकाला कळेल असं लिहा." दुसरी अट अवघड आहे. माझ्या नवऱ्यालाही माझं काम अजून नीट कळलेलं नाही. तो नंदेसरीला केमिकल कंपनीत शिफ्ट सांभाळतो. त्याच्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला पगार मिळतो, त्यामुळे कोणी आलं नाही तर तो जाब विचारू शकतो. माझ्या हाताखाली कोणालाच पगार नाही. "फुकट राबणाऱ्यांची मुकादम," असं तो माझं वर्णन करतो. घरी आलेल्या पाहुण्यांना तो हेच सांगतो आणि पाहुण्यांना तेवढं पुरतं.

थोडं सविस्तर सांगते. लहान वाचनालयांसाठी 'कपाट' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं, कधी परत आलं, कोणतं हरवलं, याची नोंद त्यात राहते. ते फुकट मिळतं आणि त्याची आतली सगळी रचना उघडी असते. ज्याला जमेल त्याने ती वाचावी, चूक दिसली तर सुधारावी आणि सुधारणा आमच्याकडे पाठवावी. चार जाणत्यांनी ती तपासली की ती सगळ्यांच्या कपाटात जाते. याला ओपन सोर्स म्हणतात. मागे कंपनी नाही, मालक नाही. वेगवेगळ्या शहरांतली माणसं आपापल्या नोकऱ्या, परीक्षा, संसार सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करतात. ही माणसं गोळा करायची, त्यांना कामाला लावायचं आणि टिकवायचं, हे माझं काम. त्याबद्दल एक लहान संस्था मला मानधन देते. बडोद्यात, कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली हे माझं ऑफिस. त्याआधी मी बरीच वर्षं मकरपुऱ्यात, यंत्रांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होते. तिथे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचे.

सॉफ्टवेअर लिहिणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. माणूस टिकवणं अवघड. नवा स्वयंसेवक उत्साहाने येतो, हजारो फायलींचा ढीग बघतो, घाबरतो आणि निघून जातो. तो गेला हे कळतसुद्धा नाही, कारण तो आल्याचंच पुष्कळदा कळलेलं नसतं. म्हणून त्याला पहिलं काम लहान द्यायचं. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर नवीन माणूस एकदम आतल्या गोलात शिरत नाही. बाहेरच्या गोलात बे ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा सोपा गरबा, खेळत राहतो, पाय बसले की आत सरकतो. मी कपाटमध्ये असा बाहेरचा गोल तयार केला.

पद्धत अशी: आलेल्या तक्रारींमधल्या सोप्या तक्रारी बाजूला काढायच्या आणि त्यांच्यावर 'पहिलं पाऊल' अशी चिठ्ठी लावायची. या तक्रारींना जुन्या माणसांनी हात लावायचा नाही. त्या नवख्यांसाठी राखीव. एखाद्या नवख्याने "मी करतो" म्हटलं की काम त्याचं झालं. मग दुसऱ्याने ते हिसकावून घ्यायचं नाही, तो करेपर्यंत थांबायचं. ही पद्धत मी शोधलेली नाही. आमच्या धंद्यात जगभर थोड्याफार फरकाने हेच चालतं. पण आमच्याकडे ती कडकपणे पाळली जाते, याचा मला अभिमान होता. आमच्याकडे माणसं टिकत होती. रिफायनरीतून निवृत्त झालेले एक काका तर असे टिकले, की अजून रोज सकाळी कपाटमधल्या गुजराती शब्दांच्या चुका ते मला आवाजी संदेशातून कळवतात आणि शेवटी आजचा उकाडा कसा आहे तेही सांगतात. दुसऱ्या प्रकल्पांची माणसं मला विचारायची, तुम्हाला हे जमतं कसं? मी सांगायचे. भाषणं द्यायचे. एका भाषणापर्यंत येतेच.

त्या वर्षी एक तक्रार आली ती आमच्या बडोद्यातूनच. शहराच्या जुन्या भागात एका ट्रस्टचं वाचनालय आहे. तिथे पूर्वी काळ्या पडद्याचा, आकडे दाबून चालणारा जुनाट प्रोग्रॅम होता. तो काढून आमच्या स्वयंसेवकांनी मोठ्या हौसेने कपाट बसवून दिलं होतं, पेढेसुद्धा वाटले होते. तक्रार करणारीचं नाव शुभांगी पवार. तिने लिहिलं होतं:

"मी वाचनालयात काउंटरवर काम करते. मला दिसत नाही. माझा कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये अडचण नव्हती. कपाटमध्ये काउंटरच्या पानावर चार बटणं आहेत. चारही ठिकाणी कॉम्प्युटर नुसता 'बटण' म्हणतो. कोणतं कशाचं, ते सांगत नाही. कृपया त्यांना नावं द्या. तोपर्यंत मी मोजून काम चालवते आहे. तिसरं बटण पुस्तक परत घेण्याचं, हे मी विचारून घेतलं आहे."

ही चूक आमचीच होती. बटणांवर शब्द नव्हते, चित्रं होती. डोळ्यांना ती छान दिसायची. पण चित्राच्या मागे त्याचं नाव लिहून ठेवावं लागतं, तर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ते सापडतं. आम्ही नावं लिहिली नव्हती. चार बटणं, चार ओळी. चहा गार व्हायच्या आत होणारं काम.

आणि ते झालंही होतं. आमच्यात कौशिक नावाचा एक जुना जाणता आहे. मकरपुऱ्यात नोकरी करतो आणि कपाटचा निम्मा भार वाहतो. गुजराती आहे, पण दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढला, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलतो. तक्रार आली त्याच दिवशी ऑफिसातून परतल्यावर त्याने त्या चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. मी त्याला फोन केला.

"कौशिक, ते बटणांचं मागे घे."

"का, ताई? काही चुकलंय?"

"चुकलं नाही. पण नवख्यांसाठी इतकं चांगलं काम पुन्हा मिळायचं नाही. चार ओळींचं काम, आणि कोणाला तरी उपयोग झालेला लगेच दिसतो. कॉलेजच्या मुलांना सांगायला किती बरं."

"पण त्या बेनला ते आत्ता लागतंय ना?"

"पुढच्या आठवड्यात कॉलेजात आपली कार्यशाळा आहे. तिथे कोणीतरी उचलेल. आठवड्याने काय फरक पडतो?"

"जेवी तमारी मरजी," तो म्हणाला.

कौशिक माझ्याशी गुजरातीत बोलला की समजायचं, त्याला पटलेलं नाही. मला समजलं होतं. मी फोन ठेवला आणि शुभांगीच्या तक्रारीवर 'पहिलं पाऊल'ची चिठ्ठी लावली.

कार्यशाळेत एका मुलाने ती खरंच उचलली. तक्रारीखाली त्याने लिहिलं, "मी करू का?" मी लिहिलं, "अवश्य. कपाटमध्ये स्वागत आहे. काही अडलं तर नि:संकोच विचारा." त्याने काही विचारलं नाही. त्याची परीक्षा आली असावी. नियमाप्रमाणे आम्ही थांबलो. मग दुसरा आला. त्याचंही स्वागत झालं. मग एक मुलगी आली, तिने खरोखर काम केलं, पण नावं देताना चित्रंच काढून टाकली. कौशिकने तिला नम्रपणे दुरुस्ती सुचवली, ती परत आली नाही. पुन्हा थांबणं. मधेच शुभांगीने विचारलं, "काही प्रगती?" मी उत्तर दिलं, "काम सुरू आहे. आपल्या एका नवीन मैत्रिणीने ते हाती घेतलं आहे." हे वाक्य आजही तिथे आहे. आमच्याकडे सगळं उघडं असतं, खोडता येत नाही.

त्याच हंगामात एका मुलाने कपाटमध्ये चंद्राचं बटण बसवलं. ते दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की पांढरा. काळ्या पडद्याने डोळ्यांना त्रास कमी होतो, लोकांना ते हवं होतं. मुलाने नेटकं काम केलं आणि सहज सापडावं म्हणून बटण सगळ्यांत पुढे ठेवलं. जाणत्यांनी तपासलं, सगळ्यांना आवडलं, पुढच्या आवृत्तीत ते गेलं. मी त्याला त्या वर्षीचा उत्तम नवखा ठरवून टी-शर्ट पाठवला. सगळ्यांत पुढे एक बटण आलं म्हणजे मागची सगळी एकेक घर सरकतात, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही. आम्हाला बटणं दिसत होती. मोजायची गरज नव्हती.

आता भाषण. पुण्याला एका परिषदेत मला बोलावलं होतं, विषय अर्थातच 'स्वयंसेवक कसे टिकवावेत'. आम्ही नवख्यांचं स्वागत कसं करतो ते दाखवायला मला नमुना हवा होता. जिच्याखाली सर्वांत जास्त स्वागतं होती, ती तक्रार मी निवडली. शुभांगीची. तिचं नाव झाकलं, वरचा भाग कापून घेतला आणि भल्यामोठ्या पडद्यावर लावला. "बघा," मी म्हणाले, "प्रत्येकाला उत्तर, प्रत्येकाला नावाने हाक, कोणालाही घाई नाही." लोक फोटो काढत होते.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. मागच्या रांगेतली एक बाई उठली.

"ते बटण नीट झालं का?"

"कोणतं?" मी विचारलं.

"हे पडद्यावर आहे ते. ज्यांना दिसत नाही त्यांचं."

"झालं असेल," मी म्हणाले. लोक हसले. त्यांना वाटलं, मी गंमत केली. मीही हसले. पुढचा प्रश्न घेतला.

जेवणाच्या रांगेत उभी असताना मी फोनवर ती तक्रार उघडली. तक्रार उघडीच होती, म्हणजे काम झालेलं नव्हतं. मी ती खालपर्यंत वाचली. तोपर्यंत तसं कधी केलंच नव्हतं, दर वेळी शेवटचं काय आलं तेवढं बघून उत्तर देत होते. कापून घेतलेल्या भागाच्या खाली शुभांगीची आणखी एक नोंद होती: "आता घाई नाही. मी काउंटरवर नाही."

त्या नोंदीखाली कोणीतरी अंगठा दिला होता. पसंतीचा. कोणी दिला ते बघितलं. मीच दिला होता. 'घाई नाही' एवढं वाचून, किती समजूतदार बाई आहे असं वाटून दिला असणार. मला तो दिल्याचं आठवतही नव्हतं.

मी ताट ठेवून दिलं आणि बाहेर जाऊन कौशिकला फोन केला.

"ती बटणांची नावं आत्ता टाक."

"नवख्यांसाठी आहेत ती," कौशिक म्हणाला.

"टोमणा नंतर मार. टाक."

"टोमणा नाही, ताई. नियम तुमचा आहे. मोडताय, हे तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"मोडतेय."

"माझी जुनी फाईल आहे अजून. फेकली नव्हती."

त्याचा चहा संपायच्या आत काम झालं.

बडोद्याला आल्यावर मी सकाळीच वाचनालयात गेले. इतकी वर्षं ते माझ्या घरापासून स्कूटरवर थोड्याच अंतरावर होतं आणि मी एकदाही गेले नव्हते. आमच्या कामात माणसाला भेटायची पद्धत नाही, सगळं लिहूनच चालतं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. शुभांगीबेन मागच्या खोलीत आहेत, असं तिने सांगितलं.

मागच्या खोलीत जुन्या पेपरांचे गठ्ठे, एक टेबल, त्यावर फोन. टेबलामागे माझ्यापेक्षा थोडी लहान बाई बसलेली. पावलांच्या आवाजावर तिने मान वळवली.

"कोण?"

"मी वर्षा मोहिते. कपाटची."

"अच्छा, स्वागतवाल्या," ती म्हणाली. "बसा. खुर्चीवर पेपर असतील तर खाली ठेवा."

मी पेपर खाली ठेवले आणि बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते. पण आधी तीच बोलली.

"तुमच्या मेल यायच्या ना, त्या माझा फोन मोठ्याने वाचायचा. काउंटरवर, सगळ्यांसमोर. 'आपल्या तक्रारीला उत्तर आलं आहे.' मला वाटायचं, चला, झालं एकदाचं. मग फोन म्हणायचा, कपाटमध्ये स्वागत आहे. इथे एक दादाजी रोज पेपर वाचायला येतात. ते विचारायचे, 'शुभांगीबेन, आजे कोण आव्युं?' माझ्या तक्रारीचा लग्नाचा हॉल करून टाकला होतात तुम्ही."

ती हसली. मला तिच्या बरोबर हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

"काउंटर कसं गेलं?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

मग तिने सरळ हकिगत सांगितली. ती मोजूनच काम करत होती. पहिलं बटण पुस्तक दिल्याचं, दुसरं हरवल्याचं, तिसरं परत आल्याचं, चौथं मुदत वाढवण्याचं. एका सकाळी कपाटची नवी आवृत्ती आली. त्या दिवशी एका वाचकाला तिने पुस्तक दिलं, पहिलं बटण दाबलं. वाचक म्हणाला, "बेन, तमारी स्क्रीन काळी थई गई." पुढच्याला पुस्तक दिलं. तो म्हणाला, "हवे धोळी थई गई."

"मला वाटलं व्होल्टेजचं काही असेल," शुभांगी म्हणाली. "मला काळी काय आणि पांढरी काय. मी काम चालू ठेवलं."

पहिलं बटण आता चंद्राचं होतं. त्यामुळे त्या दिवशी दिलेल्या पुस्तकांची नोंदच झाली नाही. आणि तिसऱ्या घरात हरवल्याचं बटण येऊन बसलं होतं, म्हणून परत आलेलं प्रत्येक पुस्तक हरवलं अशी नोंद झाली. पुस्तक हरवलं की कपाट सभासदाच्या फोनवर आपोआप संदेश पाठवतं, भरपाई द्या. ही सोय आम्हीच केलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरपुढे भांडणाऱ्यांची रांग लागली. एका मास्तरांनी तर आपण आयुष्यात पुस्तक हरवलेलं नाही, हे सगळ्यांना ओरडून सांगितलं. ट्रस्टचे रमणकाका आले, त्यांनी सगळ्यांची समजूत काढली आणि शुभांगीला म्हणाले, काही दिवस तू मागे बस, फोन घे. ते काही दिवस अजून चालू होते.

"ज्या मुलाने ते बटण बसवलं..." मी सुरुवात केली.

"त्याला काही बोलू नका," ती म्हणाली. "इथे कोणी बटणं मोजतंय हे त्याला कोणी सांगितलं होतं? तुम्हाला मी सांगितलं होतं."

मी माफी मागितली. तिने मान हलवली, जशी आपण वाण्याने सुटे नाहीत म्हटल्यावर हलवतो. "लॅपटॉप आणलाय का?"

आणला होता. तिने त्यावर आपला वाचणारा प्रोग्रॅम चालू केला. तो इतका भरभर बोलत होता, की मला एक अक्षर कळेना. तिने माझ्यासाठी वेग कमी केला. "दिलं, बटण. हरवलं, बटण. परत आलं, बटण. मुदत वाढवा, बटण." चंद्राच्या बटणालाही कौशिकने नाव दिलं होतं.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

ती पुन्हा एकदा चारही बटणांवरून फिरली.

रमणकाकांशी बोलायला मी एकटी जाणार होते, पण ती उठून माझ्याबरोबर आली. काका सत्तरीचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बहु सारुं, बेन. हवे तमे लखीने आपो, के आ बटन फरी नहीं बदलाय. एटले शुभांगीने पाछी बेसाडी दउं."

त्यांची मागणी रास्त होती. बटणं पुन्हा हलणार नाहीत एवढं लिहून द्या, म्हणजे शुभांगीला परत काउंटरवर बसवतो. आणि मला ते देता येत नव्हतं. आमच्यासारख्या प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर एक परवाना येतो. त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, की हे जसं आहे तसं घ्या, आमची कसलीही हमी नाही. ते योग्यच आहे. फुकट काम करणाऱ्याला कोणी कोर्टात खेचू नये म्हणून ते असतं. मी हे वाक्य कित्येक वेळा लोकांना अभिमानाने समजावून सांगितलं आहे. त्या दिवशी काकांनाही तेच समजावून सांगितलं.

"एटले कोई जवाबदार नथी," काका म्हणाले.

"तसं नाही, काका."

"तो कोण छे?" मग जबाबदार कोण, असं ते विचारत होते.

मी म्हणाले, "मी विचारून सांगते."

"त्यांना विचारावं लागतं, काका," शुभांगी माझ्या बाजूने म्हणाली. "सगळे मिळून ठरवतात." तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

मी विचारलं. सगळ्या जाणत्या स्वयंसेवकांपुढे प्रस्ताव ठेवला, की काउंटरच्या पानावरचा कोणताही बदल शुभांगी पवार यांनी तपासल्याशिवाय जाऊ नये. उत्तरं आली. विचार स्तुत्य आहे. एका व्यक्तीवर सगळं अवलंबून ठेवणं बरं का? एखादी समिती करावी. त्या सुट्टीवर असतील तेव्हा काय? एकाने लिहिलं, नवख्याचं पहिलं काम अडवून धरलं तर तो परत येत नाही, हे आपण विसरू नये. हे वाक्य मी ओळखलं. आमच्या नियमावलीतलं होतं, मी लिहिलेलं. चर्चा अतिशय सभ्यपणे चालू राहिली. कोणी वाईट माणूस त्यात नव्हता.

कौशिकने चर्चेत एक शब्द लिहिला नाही. त्याचा फोन आला. "ताई, या सगळ्यात त्या बेन काउंटरवर बसणार कधी?"

दुसऱ्या दिवशी मी कोऱ्या कागदावर लिहिलं, की काउंटरच्या पानावरची बटणं शुभांगी पवार यांनी तपासल्याशिवाय बदलणार नाहीत, बदलली तर त्याला जबाबदार मी. खाली माझं नाव, घरचा पत्ता आणि सही. मला तसा कोणताही अधिकार नव्हता. कागद काकांच्या हातात दिला आणि मग बाकीच्यांना कळवलं. फार जुना एक स्वयंसेवक यावरून सोडून गेला. आपण एकत्र ठरवतो म्हणून मी इथे होतो, असं त्याने लिहिलं. तो चुकीचं बोलत नव्हता. त्याला थांबवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

काकांनी कागद दोनदा वाचला आणि खणात ठेवला. "सवारे बेसाडीए," ते म्हणाले. सकाळी बसवू. संध्याकाळी शुभांगीच्या जागी घेतलेली ती तरुण मुलगी होती, तिला आता काढणार कसं? तिलाही घर होतं. वाचनालय ज्यांना माहीत आहे त्यांना यातली मेख कळेल. सकाळी पेपर वाचणारे निवृत्त लोक येतात. पुस्तकं बदलायला माणसं येतात ती ऑफिस-शाळा सुटल्यावर, संध्याकाळी. शुभांगीला काउंटर मिळालं, पण फारसं कोणी न येणाऱ्या वेळेचं. संध्याकाळी ती अजून मागच्या खोलीत फोन घेते आणि समोर चाललेली गर्दी ऐकते.

'पहिलं पाऊल'ची चिठ्ठी आम्ही काढून टाकली नाही. पण आता ती लावण्याआधी मी तक्रार करणाऱ्याला फोन करते आणि विचारते, तुमचं काही अडलंय का. अडलं असेल तर कौशिक ते करतो. उरलेल्या तक्रारी नीरस असतात, त्यामुळे नवखे पूर्वीपेक्षा कमी टिकतात. पुण्याच्या परिषदेने पुन्हा बोलावलं, तेव्हा मी हे सगळं सांगेन असं कळवलं. त्यांनी विषय बदलून द्याल का असं विचारलं. मी गेले नाही. जायला हवं होतं.

कपाटची नवी आवृत्ती निघायच्या आधी मी लॅपटॉप घेऊन सकाळी वाचनालयात जाते. तिच्यापुढे वाचक असेल तर बाकावर बसून राहते. मग ती एकेक बटण तपासते. बऱ्याचदा "चालशे" म्हणते, कधी नाही म्हणते, आणि नाही म्हटलं की ते काम थांबतं. मागच्या वेळी काउंटरपुढे कोणीच नव्हतं. मला राहवलं नाही.

"संध्याकाळच्या वेळेचं मी काकांशी बोलू का?"

"काय बोलणार?"

"की आता सगळं नीट चालतंय. संध्याकाळी तुम्ही बसायला हवं."

"आणि त्या मुलीचं?"

मी त्याचा विचार केला नव्हता.

"ते तुमच्या कागदात नव्हतं, ताई," ती म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवरच होती. "त्याचं काही लिहून देता येतं का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले.

"मग राहू दे. आज काय आणलंय, ते लावा."

मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.